कोन दिसेपर्यंत वाट पाहू नका
हायवेवर रस्त्याचं काम चालू असताना गाडी कशी चालवावी, यावरच्या लेखातला ‘कोन (काम चालू असल्याच्या खुणेचे शंकू) दिसले की वेग कमी करा’ हा सल्ला अर्धवट आहे. ताशी 100 ला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 40 मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला एकूण 100 मीटरच्या आसपास लागतात. त्यामुळे ‘पुढे काम चालू’चा पहिला फलक दिसताच ॲक्सिलरेटर सोडायचा, आरशात बघायचं, मागे ट्रक असेल तर ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबून त्याला इशारा द्यायचा आणि लेन तिथेच बदलायची. कोनांच्या तोंडाशी जाऊन घुसणारे महाभाग वेगळेच!

शिवाय कोन असतीलच याची खात्री काय? दुभाजकातल्या कण्हेरीला पाणी घालणारा टँकर उजव्या, म्हणजे सगळ्यात वेगवान लेनमध्ये मुंगीच्या गतीने सरकतो. पाइप धरलेला माणूस बऱ्याचदा टँकरच्या मागेच, आणि मागे एखादं लाल फडकं. पुढची गाडी ऐनवेळी डावीकडे सटकली की टँकर थेट बॉनेटसमोर! म्हणून पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. रात्री कामगाराच्या जाकिटावरच्या चंदेरी पट्ट्या आपल्याच हेडलाइटने चमकतात. काच धुळकट असेल तर समोरच्या गाडीच्या अप्परच्या (हाय बीमच्या) झगमगाटात त्याही दिसत नाहीत. दुचाकीवाल्यांनी खरवडलेल्या डांबरावर हँडल सरळ ठेवावं, पुढचा ब्रेक करकचून दाबू नये.