सावली सरकली, दावं तिथंच राहिलं

आमच्या खळ्यात एक जुना निंब आहे. सकाळी त्याची सावली पश्चिमेला पडते आणि बारा वाजले की पूर्वेला, घराच्या भिंतीकडे सरकते. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट. तरी तीन वर्षांपूर्वी, अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल, लग्नाला जायच्या घाईत मी आमची कबरी गाय सकाळी नऊला निंबाच्या पश्चिम अंगाला बांधली. पुढ्यात कुट्टीचं घमेलं ठेवलं, बादलीभर पाणी ठेवलं आणि घराला कुलूप लावून आम्ही सगळे गेलो. लग्न उशिरा लागलं, जेवणं त्याहून उशिरा. परतलो तेव्हा साडेचार वाजले होते.

बादली आडवी पडलेली. दावं ताठ ओढलेलं. कबरी सावलीकडे मान करून उभी होती आणि सावली तिच्यापासून पाच-सहा हात लांब होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, फेसाळ लाळेची तार जमिनीला टेकलेली, कूस भात्यासारखी हलत होती. दाव्याखालची गळ्याची कातडी सोलून निघाली होती, इतकं तिनं ओढलं होतं. मी सोडायला गेले तशी पुढचे पाय दुमडून खाली बसली.

आरडाओरडा ऐकून शेजारपाजारचे धावत आले. कुणी गूळ-मिठाचं पाणी काचेच्या बाटलीत भरलं, दोघांनी मान वर धरली आणि बाटली घशात रिकामी केली. ती ठसकली, नाकातून पाणी आलं. आम्हाला वाटलं, थोडं तरी पोटात गेलं. रात्री डॉक्टर आले, सलाईन लावलं, ताप उतरला, उठून उभीही राहिली. तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी सांगितलं ते अजून कानात आहे. उन्हातून ती वाचली होती. ओतलेलं पाणी फुफ्फुसात उतरलं, त्यातून वाचली नाही. गाभण होती.

ज्यांनी बाटली धरली त्यांच्या मनात मायाच होती, त्यांना मी कधी दोष दिला नाही. बांधली मी होती. पण तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावात एक वाक्य ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. 'ढोरेसले काय ऊन लागस?' म्हणजे गुरांना कुठं ऊन लागतं. माझे सासरे, आबा, स्वतः हेच म्हणायचे. आता म्हणत नाहीत.

लागतं. मरेपर्यंत लागतं. 2022 साली आपल्या रावेर तालुक्यात लम्पी आला तेव्हा आठवा. गावोगाव लसीकरण, फवारणी, गुरांचे बाजार बंद, प्रत्येकाच्या तोंडी तोच विषय. ते योग्यच होतं. पण दर वर्षी मार्च ते जून चार महिने आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात ऊन तापतं, मेमध्ये पारा 44-45 वर जातो, त्यात दूध आटतं, गाभ पडतात, जनावरं दगावतात, आणि आपण 'उन्हाळा आहेच' म्हणून गप्प बसतो. उन्हाला लस नाही. पण उपाय बहुतेक फुकटातले आहेत, म्हणूनच मला राग येतो.

आधी जनावराच्या पोटात काय चालतं ते समजून घेऊ, कारण ते समजलं की बाकीचं आपोआप सुचतं. गायीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, 101 ते 102 फॅरनहाइट. त्यात तिच्या पोटात चारा आंबतो आणि आंबताना उष्णता निघते. म्हणजे बाहेर 44 अंश आणि आत स्वतःची भट्टी. कोरडा कडबा जितका जास्त तितकी भट्टी जास्त तापते, म्हणून भर दुपारी ती वैरणीला तोंड लावत नाही. आपण म्हणतो, माजली, नखरे करते. ती बिचारी भट्टीत लाकूड घालायला नकार देत असते. म्हणून आम्ही दादर ज्वारीचा कडबा सूर्य मावळल्यावर टाकतो आणि पहाटे पुन्हा टाकतो. दुपारी फक्त थोडी हिरवी मका किंवा घास. केळीची बाग कापली असेल तर खांबाचे बारीक तुकडेही देते, पण थोडेच, नाहीतर शेण पातळ होतं. ज्वारीच्या धसकटाला फुटलेले कोवळे कोंब मात्र हिरवे दिसले म्हणून चरू देऊ नका, त्यात विष असतं आणि पाण्याचा ताण पडला की ते वाढतं.

डेअरीत फॅट कमी लागली की आपण आधी ढेपेवर, म्हणजे पेंडीवर, संशय घेतो. वैरण पोटात गेली नाही की फॅट पडते, हे साधं गणित आहे. मग लोक ढेप वाढवतात, चारा आणखी सुटतो आणि पोट बिघडतं.

जात बघूनही जपायला हवं. आपल्याकडची तापीकाठची खिल्लार किंवा सातपुड्याच्या अंगाची लाल-पांढरी निमाडी या उन्हातच घडल्या आहेत. एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन गायीच्या अंगात हॉलंडच्या थंड कुरणाचं रक्त आहे, तिला पंचविशीच्या पुढचं तापमानही जड जातं. म्हशीचं दुखणं वेगळंच. कातडी काळी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कितीतरी कमी. म्हणून ती डबकं शोधते. डोह आटले, नाल्यांचं पाणी गेलं, आणि आपण तिला पत्र्याखाली बांधून ठेवली. उन्हाळ्यात म्हैस माजावर येत नाही अशी तक्रार सगळ्यांची असते. बऱ्याचदा ती येते, पण मुका माज असतो, रात्री दिसतो आणि सकाळपर्यंत ओसरतो. पहाटे चारला उठून एक फेरी मारा, दिसेल.

आता पाणी. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

आपल्याकडे दिवसातून दोनदा हौदावर नेण्याची रीत आहे. थंडीत ती चालून जाते. दुभत्या गायीला मे महिन्यात ऐंशी-शंभर लिटर पाणी लागतं आणि ते दोन वेळांत तिच्या पोटात मावत नाही. पाणी चोवीस तास तोंडापुढे हवं. रात्रीसुद्धा, कारण वैरण ती रात्रीच खाते. आणि पाणी 'आहे' एवढ्यानं भागत नाही. मागच्या वर्षीची गोष्ट. दुपारी दोनला मी गव्हाणीतल्या टबात नळ सोडला. म्हशीनं तोंड घातलं आणि झटक्यात मागे घेतलं. मला कळेना. हात घातला तर चटका बसला. पत्र्यावरची काळी टाकी आणि उघड्यावरून आलेला काळा पाईप, त्यातलं पाणी चहाला ठेवल्यासारखं तापलेलं. म्हणजे कित्येक उन्हाळे आम्ही दुपारी गरम पाणी पुढे करत होतो आणि 'हिला तहानच नाही' म्हणत होतो. त्या संध्याकाळी टाकीला ओली बारदानं गुंडाळली, पाईप हातभर खोल मातीत पुरला. खर्च शून्य. आता पहिलं गरम पाणी झाडाला सोडते आणि मग टब भरते. सिमेंटचा हौद असेल तर तो सावलीत हवा, आणि आठ-दहा दिवसांनी घासून आतून चुना मारायला हवा. शेवाळाचा वास आला की जनावर कमी पितं. आंबोणात मीठ आणि खनिज मिश्रण रोज घाला, लाळेतून आणि घामातून क्षार जातात.

शेतीच्या मोटारीला एका आठवड्यात दिवसाची आणि दुसऱ्यात रात्रीची लाईट येते. रात्रीच्या आठवड्यात पाणी साठवून ठेवा एवढंच सांगेन. त्या वेळापत्रकावर लिहायला बसले तर पोस्ट संपायची नाही.

पत्र्याचं काय करायचं? बसका पत्र्याचा गोठा म्हणजे तवा. सगळ्यात सोपं, वरून पांढरा चुना मारा. आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात मारतो, पावसात निघून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा. त्यावर तुराट्या आणि केळीची वाळलेली पानं पसरतो. कपाशीच्या काड्या रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळीला ते घर मिळतं. आणि वाळलेला थर म्हणजे आगीची भीती. जवळ चूल नको, उघडी वायर नको, दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. सातपुड्याच्या पायथ्याशी बिबट्याच्या भीतीनं लोक गोठ्याच्या भिंती वरपर्यंत बांधतात. भीती खरी आहे, आमच्याकडेही वासरू गेलंय. पण बंद गोठ्यात दुपारी जनावर घुसमटतं. खाली तीन फूट भिंत आणि वर मजबूत जाळी केली की वारा येतो आणि बिबट्या येत नाही.

अंगावर पाणी मारताना एक समजून घ्या. नुसते वरवर केस ओले करून उपयोग नाही, पाणी कातडीपर्यंत पोचलं पाहिजे आणि लगेच वारा लागला पाहिजे. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तसंच. आपला एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे पंखा लावून दर अर्ध्या-पाऊण तासानं पाच मिनिटं पाणी मारलं की जनावर डोळ्यांदेखत निवतं. कासेवरून घाण पाणी ओघळू देऊ नका, दगडी होते, म्हणजे कास सुजते. खरा धोका नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, संपता संपता येतो. वळवाचा एखादा पाऊस पडतो, पारा चाळिशीच्या खाली उतरतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण हवेत दमटपणा आलेला असतो, अंगावरचं पाणी उडत नाही आणि जनावर मेपेक्षा जास्त धापा टाकतं. तेव्हा बंद गोठ्यात फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारं यंत्र, चालवणं म्हणजे त्याला वाफेत कोंडणं. त्या दिवसांत मोकळा वारा, झाडाखाली बांधणं आणि पंखा.

ऊन लागलंय हे ओळखायला मशीन लागत नाही. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि कुशीचं वरखाली होणं मोजा. आरामात असलेलं जनावर तीसपर्यंत श्वास घेतं. साठच्या वर गेलं की पाणी मारायला सुरुवात करा. ऐंशी-नव्वद झाले, तोंड उघडलं, लाळ गळायला लागली की हातातलं काम टाका. सावलीत न्या, डोक्यापासून शेपटीपर्यंत सतत पाणी ओता, पंखा लावा, 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा. पाणी पुढे ठेवा, ते स्वतः पिईल तेवढंच. बाटलीनं, नळीनं, नळकांड्यानं घशात ओतू नका. हात जोडून सांगते, ओतू नका. अर्धवट शुद्धीतलं जनावर गिळू शकत नाही.

बैलांबद्दल फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट आहे. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 चे नियम आहेत. पारा 37 च्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन त्यांना कामाला जुंपायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. खान्देशात 37 म्हणजे मार्चातली दुपार. नियम साठ वर्षांचा झाला आणि मी अजून एकाही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो लिहिलेला पाहिला नाही. आमच्या शिवारात अजून नवतपात भर दुपारी वखर चालतो. पहाटे पाचला जुंपलं तर दहापर्यंत तेवढंच रान होतं. पोळ्याला पुरणपोळी खाऊ घालतो, शिंगं रंगवतो, पाया पडतो. मेच्या दुपारी त्याच बैलाला तीन तास सोडणं जमत नाही?

गुरांच्या बाजाराचंही तेच. विकायला आणलेली जनावरं सकाळपासून उघड्या मैदानात तापलेल्या मातीवर उभी असतात. पावती फाडतात, पण सावलीची जाळी नसते, हौद असला तर कोरडा. आपण शेतकरी तिथं रांगेनं पैसे भरतो, तर निदान सावली आणि पाणी मागूया. एकट्यानं मागून मिळत नाही. या बाजाराला माझ्यासोबत चार जण अर्ज द्यायला येत असतील तर खाली लिहा.

कबरीच्या जागी आता कुणीच बांधत नाही. तिथं आम्ही त्याच वर्षी शेवगा लावला. नुसती मनगटाएवढी फांदी खोचली होती, दोन पावसाळ्यांत ती पत्र्याच्या वर गेली. आता दुपारचं पश्चिमेचं ऊन गोठ्यात शिरत नाही आणि पाला म्हशी आवडीनं खातात. मृग लागला की मी त्याची छाटणी करणार आहे. ज्यांच्या गोठ्याला पश्चिमेकडून ऊन लागतं त्यांनी येऊन फांद्या घेऊन जा, पैसे नकोत. येताना ओलं बारदान आणा, वाटेत सुकत नाहीत.