अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल आणि मधुमेहींचे डोळे

मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशाचा मथितार्थ असा: मधुमेहात डोळे जातात ते ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या आक्रमक रेणूंनी पेशींच्या केलेल्या नुकसानीमुळे. म्हणून अँटिऑक्सिडंटच्या (त्या रेणूंना निकामी करणाऱ्या पदार्थांच्या) कॅप्सूल सुरू करा, दृष्टिपटल (डोळ्याचा पडदा) पूर्ववत होईल, लेसर-इंजेक्शनं लागणार नाहीत. अमेरिकेत हे सिद्ध झालंय, आणि जीवनसत्त्वंच ती, अपाय कसला? यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. पुढची खपतात ती त्याच्याच जोरावर.

ताण आहे, यात वाद नाही. दृष्टिपटलाला ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यात लवकर ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्लं आहेत आणि वर प्रकाशाचा मारा. साखर वाढली की पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत, म्हणजे मायटोकाँड्रियात, सुपरऑक्साइड (असाच एक आक्रमक रेणू) जास्त तयार होतो आणि त्यातून नुकसानीच्या अनेक वाटा उघडतात, अशी मांडणी अमेरिकन संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ च्या सुमारास केली. ती आजही वजनदार मानली जाते. पण त्या मांडणीतही सुरुवात साखरेपासून होते, ताण हा मधला दुवा. संदेशात साखरेचा उल्लेखच नाही!

आता ‘पूर्ववत होईल’ हा दावा. मधुमेही उंदरांना सुरुवातीपासून अँटिऑक्सिडंट दिले तर दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांची हानी कमी होते, हे प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांत तसं घडलं नाही. होप या मोठ्या चाचणीतल्या साडेतीन हजारांहून अधिक मधुमेहींपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व देण्यात आलं. सुमारे साडेचार वर्षांनंतरही सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतींत फरक पडला नाही. अल्फा लिपोइक आम्लाच्या दोन वर्षांच्या चाचणीत, रोज ६०० मिलिग्रॅम घेऊनही, मॅक्युलाची (पडद्याच्या मधल्या, बारीक पाहणाऱ्या भागाची) सूज टळली नाही. जमेची बाजूही सांगायला हवी: ६७ जणांच्या एका सहा महिन्यांच्या चाचणीत मिश्र पूरकांमुळे रंग आणि उजेड-अंधारातला फरक ओळखण्याची क्षमता सुधारली. उत्सुकता वाढवणारी गोष्ट, पण एवढ्याशा चाचणीवरून डोळा वाचतो असं म्हणता येत नाही.

उंदरात जमलं ते माणसात का जमत नाही? सुपरऑक्साइड जिथे तयार होतो तिथेच, क्षणार्धात काम करून जातो. गिळलेलं जीवनसत्त्व त्या ठिकाणी पुरेशा प्रमाणात पोहोचेलच असं नाही. शिवाय माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतो तोवर बहुधा मधुमेहाची बरीच वर्षं उलटलेली असतात. केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी मेल्या, वाहिन्या बंद पडल्या, की कॅप्सूल त्या परत आणत नाही.

‘अमेरिकेत सिद्ध झालंय’ म्हणताना बोट दाखवलं जातं ते एरेड्स या, अँटिऑक्सिडंट आणि जस्ताच्या मिश्रणाच्या चाचणीकडे. चाचणी खरी आहे, २००१ मध्ये निष्कर्ष आले आणि ते चांगले होते. पण रोग वेगळा. वयामुळे होणारा मॅक्युलाचा ऱ्हास मध्यम टप्प्यात असलेल्यांमध्ये तो पुढे सरकण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. मधुमेही रेटिनोपॅथीबद्दल (मधुमेहामुळे होणाऱ्या पडद्याच्या आजाराबद्दल) तिने काही सिद्ध केलेलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

अपाय कसला, तर ऐका. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन (हेही एक अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. म्हणूनच एरेड्सच्या पुढच्या मिश्रणातून ते वगळून ल्युटीन घातलं गेलं. आणि सी जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही ग्लुकोमीटर आणि सेन्सर साखर आहे त्याहून जास्त दाखवू शकतात. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवणाऱ्याचं काय होईल?

सगळ्यांत घातक भाग मात्र लेसर-इंजेक्शनं नकोत, हा. डीसीसीटी चाचणीत (१९९३, टाइप १) काटेकोर साखर-नियंत्रणाने रेटिनोपॅथी नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. यूकेपीडीएसमध्ये (१९९८, टाइप २) रक्तदाब आवळून ठेवल्याने ती बळावण्याचा धोका ३४ टक्क्यांनी उतरला. एवढा परिणाम कुठल्याही अँटिऑक्सिडंट कॅप्सूलने दाखवलेला नाही. पण एकदा नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढू लागल्या की नुसतं नियंत्रण पुरत नाही, तिथे लेसर आणि व्हीईजीएफ (अशा वाहिन्या वाढवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनंच नजर वाचवतात. हा आजार बराच काळ काहीच जाणवू देत नाही. त्यामुळे ‘कॅप्सूल घेतोय, नीट दिसतंय’ हा पुरावा नव्हे. टाइप २ चं निदान झालं की लगेच, आणि टाइप १ मध्ये निदानापासून पाच वर्षांच्या आत, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. पुढे सहसा दरवर्षी, बदल दिसले तर त्याहून लवकर. गरोदरपणातही तपासणी टाळायची नाही.