दर तासाला कॅश झाडायला सांगणारा तो मेसेज

‘सर्व्हरची फाइल सिस्टिम पाच मिनिटांत सुसाट!’ हा लिनक्सवाल्यांच्या ग्रुप्सवर फिरणारा मेसेज. उपाय चार: दर तासाला ड्रॉप_कॅशेसमध्ये (कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, कॅश रिकामी करायची फाइल; कॅश म्हणजे डिस्कवरच्या मजकुराची मेमरीतली प्रत) ३ लिहा, डिस्क भरली की मोठ्या लॉग फाइल्स आरएम करा (पुसा), नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणारा माउंट पर्याय) लावा, सर्व्हर चालू असतानाच एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा. टीममधल्या नव्या मुलाने ‘पहिली ओळ क्रॉनमध्ये टाकू का?’ असं विचारलं (क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय), म्हणून हे लिहितोय.

नको टाकूस. मेमरी दाखवणाऱ्या ‘फ्री’ आज्ञेच्या ‘फ्री’ रकान्यात आकडा लहान दिसला की लोक घाबरतात; बघायचा असतो तो ‘अव्हेलेबल’. कॅशमधली स्वच्छ पानं (डिस्कशी जुळणारे मेमरीचे तुकडे) प्रोग्रामला मेमरी लागताच कर्नल स्वतःच सोडतो. १ लिहिलं की पेज कॅश (फाइल्समधला मजकूर) जाते, २ ने डेंट्री (फाइलच्या नावांच्या नोंदी) आणि आयनोड (फाइलच्या माहितीच्या नोंदी), ३ ने सगळंच. लाखो बारक्या फाइल्स असलेल्या फाइल सर्व्हरवर हे केलं की पुढचं प्रत्येक ओपन, प्रत्येक स्टॅट (फाइलची माहिती विचारणं) पुन्हा डिस्कपर्यंत जातं. कॅश जेमतेम भरते, तेवढ्यात क्रॉन पुन्हा हजर! डर्टी पानं (बदललेली, पण डिस्कवर अजून न गेलेली) तर याने सुटतही नाहीत, ती आधी डिस्कवर लिहावी लागतात. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय की ही फाइल कॅशची वाढ आवरण्यासाठी नाही आणि चाचणी किंवा डीबगिंग सोडून ती वापरू नये. बेंचमार्कच्या आधी कॅश थंड करायला ती कामाची आहे, एवढं मान्य. आयनोड-डेंट्रीचा पसारा खरंच नडत असेल तर व्हीएफएस_कॅश_प्रेशर हे कर्नलचं सेटिंग आहे. मूळ किंमत १००, हळूहळू वाढवून बघा.

लॉगचं म्हणाल तर, प्रोसेसने उघडी ठेवलेली फाइल आरएम केली तरी जागा सुटत नाही. डीयू (फाइल्सच्या जागेची बेरीज) कमी दाखवतं, डीएफ (फाइल सिस्टिमची भरलेली जागा) जैसे थे. ‘एलएसओएफ +एल१’ने (पुसलेल्या पण उघड्या फाइल्स दाखवणारी आज्ञा) ती प्रोसेस शोधा आणि तिला लॉग पुन्हा उघडायला लावा. अजून आरएम केलं नसेल तर ट्रंकेट करा (आकार शून्यावर आणा). पण लॉग अपेंड मोडमध्ये (नेहमी फाइलच्या शेवटाला लिहिणं) उघडलेला नसेल तर पुढच्याच लिखाणाला फाइलचा आकार पुन्हा पूर्वीएवढा दिसतो, मधे नुसती भोकं. जागा असूनही ‘नो स्पेस’ येत असेल तर ‘डीएफ -आय’ बघा, आयनोड संपलेले असू शकतात. एक्सटी४ (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) मुळात ५ टक्के ब्लॉक रूटसाठी (प्रशासकासाठी) राखतं. नुसत्या डेटाच्या मोठ्या व्हॉल्यूमवर ‘ट्यून२एफएस -एम १’ (राखीव भाग १ टक्क्यावर) चालतं.

नोएटाइम चुकीचं नाही. पण २००९च्या २.६.३० कर्नलपासून रेलएटाइम (वाचल्याची वेळ मोजक्याच वेळी नोंदवणं) आपोआप लागलेलं असतं, त्यामुळे फरक क्वचितच जाणवेल.

आणि माउंट असलेल्या (जोडून वापरात असलेल्या) एक्सटी४वर दुरुस्ती? मेटाडेटा (फाइल्सबद्दलच्या नोंदी) कर्नलच्या मेमरीत एक, डिस्कवर एफएससीकेने बदललेला दुसरा, आणि कर्नल नंतर आपलाच वर लिहितो. नशीब, नवं ई२एफएससीके (एक्सटी४चं एफएससीके) बहुधा नकारच देतं. अनमाउंट करा, किंवा एलव्हीएम स्नॅपशॉटवर (व्हॉल्यूमच्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीवर) तपासा. एक्सएफएसवर (दुसरी एक फाइल सिस्टिम) एफएससीके.एक्सएफएस साधारणपणे काहीच न करता ‘यशस्वी’ म्हणून परत येतं. त्या मेसेजातला सगळ्यात निरुपद्रवी उपाय तोच.