क्लोझापीन घेणाऱ्या माणसाला रोज विचारा, पोट साफ झालं का

दादाला क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध सुरू होऊन आता सहा वर्षं झाली. त्याआधीची अकरा वर्षं आम्ही कशी काढली ते ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया आहे त्यांनाच कळेल. वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, दोनदा अ‍ॅडमिट केलं, लोकांच्या सांगण्यावरून बाहेरचं पण बघून झालं, पण त्याच्या कानातले आवाज काही थांबेनात. क्लोझापीनच्या पाचव्या महिन्यात एक दिवस तो स्वयंपाकघरात आला आणि आईला म्हणाला, सरक, आज वरणाला फोडणी मी देतो. आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. त्यामुळे या औषधाच्या विरोधात मी कधीच बोलणार नाही, उलट आम्हाला ते इतकं उशिरा का मिळालं याचाच राग येतो.

उशीर होतो तो भीतीमुळे. 1975 मध्ये फिनलंडमध्ये या औषधावर असलेल्या काही पेशंटच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम कमी झाल्या, आठ जण दगावले आणि बऱ्याच ठिकाणी औषध बंद झालं. मग 1988 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, बाकीच्या औषधांनी फरक न पडलेल्या पेशंटवरचा, त्यात सहा आठवड्यांत क्लोझापीनवर 30 टक्के लोक सुधारले आणि क्लोरप्रोमाझीन या जुन्या औषधावर फक्त 4 टक्के. म्हणून ते परत आलं, पण रक्त तपासत राहायच्या अटीवर. आमच्याकडे पहिले 18 आठवडे दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, मग हळूहळू महिन्यावर. कालनिर्णयवर आई लाल पेनाने तारखा लिहायची. ताप आला किंवा घसा दुखला तर वाट न बघता त्याच दिवशी सीबीसी, हे आम्हाला पाठ होतं.

पण पोटाचं आम्हाला कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं हो.

तीन वर्षांपूर्वी दादाला चार दिवस संडासला झाली नाही, तो स्वतःहून सांगत नाही आणि आपण मोठ्या माणसाला काय विचारणार, पाचव्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं टणक, उलट्या, आम्ही ओवा देत बसलो. कॅज्युअल्टीतल्या मुलीने गोळ्यांची पाकिटं बघितली आणि धावपळ सुरू झाली. आतडं जवळजवळ थांबलं होतं. वाचला. हे औषध आतड्याची हालचालच मंद करतं आणि त्यात माणसं जातात, 2020 मध्ये अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने यावरचा इशारा आणखी कडक केला. आणि आमच्या फाइलमध्ये सीबीसीचे रिपोर्ट गठ्ठ्याने होते, पोटाबद्दल एक ओळ नव्हती. तेव्हापासून कालनिर्णयवर लाल तारखेच्या शेजारी रोज निळी टिक असते, दोन दिवस टिक नसली की डॉक्टरांना फोन. पोट साफ व्हायचं औषध डॉक्टरांनी रोजचंच लिहून दिलंय, इसबगोलच्या भरवशावर बसू नका.

दुसरी गोष्ट विडी-सिगारेटची. धुरामुळे लिव्हर हे औषध भराभर संपवतं, म्हणजे ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. असा माणूस एकदम सोडतो, किंवा अ‍ॅडमिट झाल्यावर वॉर्डात विडी मिळत नाही, आणि तोच डोस थोड्या दिवसांत अंगावर येतो, गुंगी, कधी फिट. तंबाखू मळणाऱ्याचं तसं नाही, हा प्रकार धुराचा आहे. विडी जरूर सोडा, पण आधी डॉक्टरांना सांगून.

आणि गोळी दोन दिवस चुकली तर तिसऱ्या दिवशी जुना डोस द्यायचा नाही. लग्नाला गावी गेलो आणि पाकीट घरी राहिलं, असं आमचं झालंय. डॉक्टरांनी परत साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवत नेलं. मेडिकलवाल्याला विचारून भागत नाही, फोन डॉक्टरांनाच.

वजन, शुगर यावर परत कधीतरी लिहीन. या औषधाने रात्री लाळ गळते, तर उशीवर जाड टॉवेल टाका आणि त्यावरून त्याला कोणी हसणार नाही एवढं बघा, दादाने एकदा फक्त त्या लाजेपायी गोळ्या उशीखाली लपवल्या होत्या.