रीलमध्ये आई कुठे गेली?

आज एका ओळखीच्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. केक कापून झाल्यावर पोराच्या गळ्यात जाडजूड खोटी चेन घातली, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि स्पीकरवर 'वास्तव' सिनेमातला 'पचास तोला'चा डायलॉग लावून रील काढलं. आईबाप टाळ्या वाजवत होते. मी बशी तशीच ठेवून निघून आले. डोकं अजून तापलेलं आहे.

अरे, सिनेमातला गुंड रघू, म्हणजे संजय दत्त, हे कुणाला म्हणतो, आठवतंय का? आईला! घरात, आईसमोर चेन नाचवत म्हणतो. आणि रील कापताना तुम्ही नेमकी तीच बाई उडवलीत.

'वास्तव' १९९९ साली आला, तेव्हा आमच्या लालबागमध्ये कुणाला तो नवल वाटला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा भोंगा बसला आणि घरोघरी पोरं रिकामी झाली. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा थोरला असाच 'कामाला' लागला. कसलं काम, कुणी विचारलं नाही. घरात रंगीत टीव्ही आला. काकूंना त्याने सोन्याच्या पाटल्या आणल्या. मी एकदा वाटीभर तांदूळ मागायला गेले, तर डब्यात हात घालताना त्यांच्या हाताला वर्तमानपत्राची पुडी लागली. ती त्यांनी पटकन तळाशी सारली. त्या पाटल्या त्यांच्या हातात कधीच दिसल्या नाहीत. पोरगा गेला तेव्हा पंचविशीचाही नव्हता.

पुढे केबलवर 'वास्तव' लागला तेव्हा काकू आमच्याकडे बसून बघत होत्या. रघू आणि त्याचा मित्र दीड फुट्या पावभाजीची गाडी लावतात तिथे म्हणाल्या, "गाडीच चालवायची होती ना रे." पडद्यातल्या पोराला म्हणाल्या की स्वतःच्या, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

संजय दत्तने काम झकास केलंय, वादच नाही. दीड फुट्या झालेला संजय नार्वेकर तर रातोरात घराघरात पोचला. आणि मान्य, ती चेन कॅमेऱ्यानेच एवढी चमकवली, सगळा दोष पोरांचा नाही. पण त्या सिनेमाचा कणा रीमाताई लागू होत्या. संजय दत्तपेक्षा जेमतेम वर्षाने मोठ्या, आणि त्याची आई झाल्या! एक क्षण खोटा वाटत नाही. शेवटी पोटच्या पोराला गोळी घालतानाचा तो चेहरा आठवला तरी माझ्या पोटात कालवतं. त्याला फिल्मफेअर मिळालं, यांची नामांकनावर बोळवण. २०१७ ला त्या गेल्या तेव्हा सगळ्यांनी हसऱ्या, प्रेमळ आईचेच फोटो टाकले. रघूची आई शांता कुणाला आठवली?

सिनेमाच मुळी रघूच्या श्राद्धाने सुरू होतो. पिंडदानाला बसलेलं घर पहिल्यांदा दिसतं, चेन नंतर. मग पोराच्या वाढदिवसाला हे लावताना जीभ कशी झडत नाही? चिडून लिहितेय, कळतंय मला. पण पाटल्या तांदळात पुरणारी बाई मी डोळ्यांनी पाहिली आहे, तुमच्यातल्याही कितीतरींनी पाहिली असेल. तिच्या दारात जाऊन वाजवाल का हे?

आता ऐकते की आमच्या मंडळाची पोरं यंदा आगमनाच्या मिरवणुकीत हेच लावणार आहेत. वर्गणीची पावती फाडायला माझ्याकडे याल ना, तेव्हा आधी याचं उत्तर द्या, मग पैशांचं बोला.