सव्यापसव्य

निकॉन सोडून कॅनन घ्यायचं कुणी लग्नाचा फोटोग्राफर बोलला, की मी आधी विचारतो, "तुळशीच्या लग्नाला किती दिवस आहेत?" हा उद्योग चातुर्मासात उरकावा. मुहूर्त नसतात, चुका करायला वेळ असतो. पंचाईत एवढीच, की ठाण्यातला पाऊसही तेव्हाच, आणि विकायला काढलेल्या लेन्सवर बुरशीही तेव्हाच.

गिऱ्हाईक तलावपाळीवर भेटतं. चहा आपण पाजायचा. ते मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारतं आणि पुढून एक डोळा मिटून आत बघतं. कोळिष्टकासारखे तंतू दिसले, की भाव कोसळला. तंतू नसले तरी तोंड वाकडं होतंच: "साहेब, आतल्या पाकळ्या अडकल्यात." अडकलेल्या नसतात. निकॉनची 'जी' मालिकेतली लेन्स कॅमेऱ्यावरून काढली, की ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या, पाकळ्या मिटून बसतात. मागच्या कडेला एक बारीक खिट्टी असते. ती नखाने सरकवली की पाकळ्या उघडतात, सोडली की टक्कन मिटतात. हे दोनदा करून दाखवायचं. तिसऱ्यांदा गिऱ्हाईक स्वतः करतं, चौथ्यांदा त्याच्याबरोबर आलेला मेव्हणा.

कॅननच्या ईएफ, म्हणजे जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या, लेन्सचं उलट. सुटी असली तरी पाकळ्या सताड उघड्या.

'उलट' हा शब्द इथून पाठ सोडत नाही. कॅमेऱ्याकडे समोरून पाहिलं तर निकॉनची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवून बसते, कॅननची काट्यांच्या दिशेने. म्हणजे गुरुजींच्या भाषेत आयुष्यभर अपसव्य केलं, आता सव्य करा. डोक्याला पटतं, मनगटाला नाही. लेन्स काढताना बटण दाबून माणूस नको त्या बाजूला पिळत राहतो आणि नवी कोरी लेन्स जाम झाली म्हणून घामाघूम होतो.

झूमची रिंगही उलटी. अंतरपाट दूर झाला, हार वर उचलले, नवरीचा चेहरा जवळ ओढायला मनगट फिरलं, की चौकट रुंद. तिच्यात व्हिडिओवाल्याची पाठ, पेडेस्टल पंखा आणि अक्षता मुठीतच ठेवून जेवणाच्या हॉलकडे निघालेले काका. उपाय एकच: रिंगवर चिकटपट्टीचा बाण लावा आणि आठवडाभर येणाऱ्या रिक्षांवर झूमचा सराव करा. घोडबंदर रोडवर नको, तिथे रिक्षा येत नाहीत, उभ्या असतात.

"जुन्या लेन्स ॲडॉप्टरवर चालतील की!" हे वाक्य घरी बजेट मंजूर करून घेण्यापुरतं ठीक. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ते कडं, १९५९ चा. त्यात माउंटपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर लागतात. कॅननच्या आरएफ, म्हणजे नव्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या, माउंटमध्ये २०. उरलेल्या २६.५ मिलिमीटरचं पोकळ नळकांडं मध्ये घातलं, की लेन्स बसते, फोटोही निघतो. पण साध्या ॲडॉप्टरला विजेची टोकं नसतात, म्हणून ऑटोफोकस नाही. ती खिट्टीसुद्धा ॲडॉप्टरच्या रिंगने हातानेच हलवायची. कॅमेऱ्याला तर लेन्स लावल्याचा पत्ताच नसतो. मेन्यूत जाऊन 'लेन्स नसली तरी शटर पडू दे' अशी परवानगी द्यावी लागते. सप्तपदीत असलं काही करू नये.

फिल्टरचं दुखणं किरकोळ, पण झोंबणारं. निकॉनच्या २४-७० एफ/२.८ 'जी' लेन्सला ७७ मिलिमीटरचा फिल्टर, कॅननच्या आरएफ २४-७० एफ/२.८ ला ८२ चा. मोठा फिल्टर लहान लेन्सवर रिंग लावून बसवता येतो. लहान मोठ्यावर बसवला तर रुंद चौकटीचे कोपरे काळे. आपल्याकडे अर्थात लहानच असतो.

फ्लॅशमध्ये मात्र नशीब थोडं साथ देतं. गोडॉक्स कंपनीच्या एक्स या बिनतारी प्रणालीतले असतील, तर स्टँडवरचे दिवे तेच राहतात, त्यांना इशारा देणारा कॅमेऱ्यावरचा ट्रिगर तेवढा कॅननसाठीचा घ्यायचा.

संगणकाचं ऐनवेळी आठवतं. कॅननची सीआर३ ही कच्च्या फोटोची (रॉ) फाइल २०१८ ची आणि फोटो सुधारायचं, एकरकमी घेतलेलं लाइटरूम ६ त्याआधीच थांबलेलं. ते फाइल उघडत नाही. फाइलचा प्रकार बदलून देणारा ॲडोबीचा फुकटातला डीएनजी कन्व्हर्टर आधी चालवा, मग उघडते. एका लग्नाच्या दोन हजार फाइली त्यातून जाईपर्यंत नवरा-नवरी हनिमूनहून परत येतात.

सगळं विकून झालं, की बॅगेच्या तळाशी निकॉनची दोन मागची झाकणं सापडतात. गिऱ्हाईकाला द्यायची राहिलेली. कॅननला बसत नाहीत. मसाल्याच्या डब्यांनाही बसत नाहीत, घरी बघून झालंय.