आईचं लुगडं आणि पन्नास डॉलर

पत्र शुक्रवारी आलं. लांबट पांढरा लिफाफा, आत नियम क्रमांक, पोटनियम आणि एक रंगीत फोटो. फोटोत आमचा मागचा डेक, डेकवर दोरी, दोरीवर आईचं हिरवं लुगडं आणि त्याच्या शेजारी तिचा परकर. परकराची नाडीसुद्धा स्पष्ट दिसत होती. खाली ठळक अक्षरात, पुन्हा आढळल्यास पन्नास डॉलर दंड.

याच सोसायटीला आमची गळकी पन्हळ दुरुस्त करायला आठ महिने लागले होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे माझा आवाज चढला तर का चढला ते विचारायला नको.

सोसायटी म्हणजे इथली 'होमओनर्स असोसिएशन'. घर आपलं, कर्ज आपलं, पण दाराला रंग कुठला, कचऱ्याचा डबा किती वाजता बाहेर ठेवायचा आणि गवत किती वाढू द्यायचं हे ती ठरवते. शिवाय दर महिन्याला आपल्याकडूनच पैसे घेऊन ठरवते.

आई कराडहून आमच्याकडे, अमेरिकेत न्यू जर्सीला, सहा महिन्यांसाठी आली आहे. तिच्या बॅगेत मेतकूट, भाजणी आणि दोन डझन चिमटे निघाले. "अगं, इथे मिळतात की चिमटे," मी म्हटलं. "इथे कपडे बाहेर वाळत घालत नाहीत म्हणालीस ना? मग ज्यांना लागतच नाहीत त्यांचे चिमटे काय धड असणार?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या जावयाने कौतुकाने तिचं सुती लुगडं ड्रायरमध्ये टाकलं. बाहेर आलं तेव्हा ते आक्रसून पार चिंधी झालं होतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डेकवर दोरी बांधलेली दिसली. गोधडीलाही ऊन दाखवून झालं. जूनचं लख्ख ऊन, वारा, तासाभरात सगळं कडकडीत.

पत्राच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, शेजारचे आजोबा आले. निवृत्त आहेत, सोसायटीच्या समितीवर आहेत. अर्धी चड्डी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा आणि पट्ट्याला खोचलेली मोजपट्टी. "मी अधिकृतपणे आलेलो नाही," ते म्हणाले आणि मोजपट्टी काढली.

"बसा म्हणावं त्यांना," आई आतून म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

त्यांचा प्रश्न मूलभूत होता. ही दोरी म्हणजे 'बांधकाम' आहे की 'कृती' आहे? रात्रभर दोन्ही टोकांना बांधलेली राहिली तर ते बांधकाम, त्याला वास्तुरचना समितीचा फॉर्म आणि नकाशा लागतो. रोज सोडली तर ती कृती. कृतीला फॉर्म लागत नाही, पण ती रस्त्यावरून दिसता कामा नये.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"विचारतायत, दोरी रात्री सोडतेस का."

"सोडते की. दव पडतं."

मी भाषांतर केलं. आजोबांनी मान डोलावली, वहीत 'कृती' लिहिलं. मग त्यांची नजर लुगड्यावर गेली. दोरीवर दुहेरी घालूनही ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलं होतं.

"हे किती पडदे आहेत?"

"पडदा नाही, कपडा आहे. एकच."

"किती जण नेसतात?"

हे मी आईला सांगितलं नाही. पण ते गंभीरपणे विचारत होते. एका बाईच्या अंगावर एवढं कापड मावतं यावर त्यांचा विश्वास बसेना. परवानगी घेऊन त्यांनी मोजायलाच घेतलं. आईने एक टोक धरलं, दुसरं मी. आजोबा मोजपट्टी सरकवत डेकभर फिरले. सत्तावीस फूट. त्यांनी मनात भागाकार केला आणि एकदम चेहरा उजळला. "नऊ यार्ड! द होल नाइन यार्ड्स!"

इंग्रजीत या शब्दांचा अर्थ 'झाडून सगळं, शेवटच्या टोकापर्यंत'. हा वाक्प्रचार आला कुठून यावर अमेरिकेत कित्येक वर्षं खल चालू आहे. कुणी म्हणतं विमानातल्या मशिनगनचा पट्टा, कुणी म्हणतं सुटाचं कापड, कुणी काँक्रीटच्या ट्रकपर्यंत पोचतं, आणि पुरावा कशालाच नाही. आजोबांना मात्र तो आमच्या डेकवर सापडला होता. त्यांनी आईशी हस्तांदोलन केलं. आईने त्यांना दोन चकल्या जास्त वाढल्या.

चकली खाताना आईने अंगणापलीकडे बोट दाखवलं. आजोबांच्या घरासमोर वीसेक फुटी खांब आहे, त्यावर चादरीएवढा अमेरिकेचा झेंडा. रात्रंदिवस फडफडत असतो.

"त्यांना विचार," आई म्हणाली, "त्यांचं कापड चालतं का?"

मी विचारलं. आजोबा चकली हातात धरूनच सरळ बसले. झेंड्याला २००६ चा केंद्रीय कायदा आहे, बुश यांच्या सहीचा. कुठलीही असोसिएशन तो लावायला मनाई करू शकत नाही. "आणि तो वाळत घातलेला नाही, फडकवलेला आहे," त्यांनी समजावलं.

"मग आपलंपण फडकवलंय म्हणावं," आई म्हणाली.

हेही मी सांगितलं नाही. ते गेले, जाताना उरलेल्या चकल्या कागदात बांधून घेऊन गेले. मी कपबशा उचलायला वाकले आणि सहज वर पाहिलं. पत्रातला फोटो वरून, डाव्या बाजूने काढलेला होता. त्या कोनात एकच खिडकी येते. आजोबांच्या बेडरूमची.

चकल्यांचं वाईट वाटलं नाही, पण त्या माणसाने माझ्या आईच्या परकराचा फोटो काढला, तो समितीला पाठवला, समितीने तो रंगीत छापला आणि मलाच पोस्टाने पाठवला. या सगळ्यात कुणालाही जराही अवघडल्यासारखं झालं नाही. अवघडले ती मी. अजूनही ते पत्र ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलेलं आहे.

हा देश स्वातंत्र्याचं नाव सारखं घेतो. न्यू हॅम्पशायरच्या मोटारींच्या नंबरप्लेटवर तर लिहिलेलंच असतं, 'स्वतंत्र जगा, नाहीतर मरा'. एका माणसाला ते वाक्य पटेना म्हणून त्याने ते झाकलं. त्याला दंड झाला, तो त्याने भरला नाही म्हणून पंधरा दिवस तुरुंगात टाकलं. 'स्वतंत्र जगा' हे झाकलं म्हणून! १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

१९५९ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी प्रदर्शनात उपाध्यक्ष निक्सन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना कपडे धुण्याचं यंत्र अभिमानाने दाखवलं. ख्रुश्चेव्ह यांनी विचारलं, घास तोंडात घालून आत ढकलणारं यंत्र नाही का तुमच्याकडे? आई तिथे असती तर तिने विचारलं असतं, धुतल्यावर वाळत कुठे घालता?

आणि हे वाळवण्याचं वावडं आजचं नाही. न्यूयॉर्कजवळ लेव्हिट या बिल्डरांनी १९४७ पासून लेव्हिटटाउन उभारलं, एकसारखी हजारो घरं. नियम असा की गवत आठवड्याला कापायचं आणि शनिवार-रविवारी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. त्याच करारात आणखी एक कलम होतं, गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही. आमच्याच राज्यात, घरापासून तासाभरावर, त्यांनी आणखी एक लेव्हिटटाउन बांधलं. तिथे काळ्या लोकांना घर नाकारलं, म्हणून १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाला त्यांना वठणीवर आणावं लागलं. त्या गावाचं नाव आता विलिंगबरो आहे. ते कलम गेलं ते बरंच झालं, नाहीतर डेक सोडाच, आम्हालाच इथे कुणी उभं केलं नसतं. पण दोरी पाहिली की घरांची किंमत पडते, वस्ती 'तशी' वाटते, हे मात्र तेव्हापासून इथेच मुक्कामाला आहे. पत्रातला शब्दही 'सौंदर्यदृष्टी' असा होता. माझ्या आईचं लुगडं इरकली आहे.

फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन अशा काही राज्यांत कपडे उन्हात वाळवण्याचा हक्क कायद्याने दिलाय. न्यू जर्सीत तसा कायदा नाही. भावाला फोनवर तावातावाने सांगितलं, तर तो हसायलाच लागला. पुण्यात त्याच्या टॉवरलाही हाच नियम आहे, बाल्कनीत कपडे दिसले की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो. निदान आमचा पोस्टाने येतो.

नवरा म्हणाला, "अपील कर." अपिलाचा फॉर्म सहा पानी आहे आणि तो भरायची फी पंचवीस डॉलर. आईने दोन्ही आकड्यांचे रुपये केले आणि दोरी सोडली. चिमटे पिशवीत गेले. आता लुगडं बाथरूममध्ये पडद्याच्या दांड्यावर वाळतं. वाळतं म्हणजे दोन दिवस ओलं राहून कुबट वास मारतं. अंघोळीला जायचं तर सत्तावीस फूट बाजूला सारावे लागतात.

मंगळवारी रात्री धो धो पाऊस झाला. बुधवारी सकाळी आई चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होती. ऊन पडलं होतं, वारा सुटला होता. आजोबांचा झेंडा ओलाचिंब होऊन खांबाला चिकटला होता. नऊच्या सुमारास त्याचा एक कोपरा सुटला, मग दुसरा.

दहा वाजता तिने मला हाक मारली. "ये, बघ. त्यांचं वाळलंसुद्धा."